बाघ नदीच्या पलीकडची ड्युटी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे' आणि मागून येणारा कुकरच्या शिट्टीचा आवाज काढलाय.)

  

आजचा विषय नोकरीचा आहे, पण आयटीचा नाही. मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक करून पुण्याला आलो, गाव मात्र गोंदिया जिल्ह्यात, आमगाव तालुक्यात. आमच्याकडे बारावी सायन्सनंतर मुली ज्या कोर्सकडे हमखास वळतात तो म्हणजे नर्सिंग. दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. कोर्स झाला की प्रश्न येतो, नोकरी कुठे? आणि गोंदियात या प्रश्नाला एक खास वळण आहे. आमच्या जिल्ह्याला दोन राज्यं लागून आहेत. वर मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा, पूर्वेला छत्तीसगड. त्यामुळे बऱ्याच जणींची नोकरी रोज सकाळी दुसऱ्या राज्यात सुरू होते आणि संध्याकाळी स्वतःच्या राज्यात संपते.

तर आज बोलूया रोज सीमा ओलांडून ड्युटीला जाणाऱ्या नर्सेसबद्दल. त्यात पैसे किती, वेळ किती, कागद कुठले आणि धोका कुठे, सगळं बघू. शेवटी एक यादी देणार आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

ही सीमा आली कुठून?

थोडा इतिहास, दोनच मिनिटं, पळवू नका.

गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी आम्ही भंडाऱ्यात होतो. आणि त्याच्याही आधी भंडारा, बालाघाट, राजनांदगावचा पट्टा सगळा एकाच प्रांतात, ज्याची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळा झाला. म्हणजे आमच्या आजीच्या हयातीत तिच्या माहेरचं राज्य बदललं, सासरचं राज्य बदललं, आणि ती मात्र तिथेच होती.

माणसांनी ही रेष फारशी मनावर घेतली नाही. पोवारी बोलणारी घरं बाघ नदीच्या दोन्ही काठांवर आहेत. रोटी-बेटीचे व्यवहार चालू आहेत. लांजीचा माणूस रेल्वे पकडायला आमगावला येतो. गोंदियाच्या दुकानदाराला बालाघाटचं गिऱ्हाईक नसेल तर सीझन कोरडा जातो. दवाखान्याचंही तेच. गोंदियाचं सरकारी मेडिकल कॉलेज २०१६ ला सुरू झालं. त्याला जोडलेलं केटीएस हॉस्पिटल आणि बायकांचं बाई गंगाबाई हॉस्पिटल, या दोन्ही ठिकाणी तुम्ही ओपीडीच्या रांगेत उभे राहा, अर्धा तास कान उघडे ठेवा. मराठी, हिंदी, पोवारी सगळं ऐकू येईल. पलीकडचे पेशंट इथे येतात, इथल्या मुली पलीकडे नोकरीला जातात, पलीकडच्या मुली इकडे येतात.

रेष माणसांनी नाही पाळली, पण कागदांनी पाळली. आपली अडचण तिथूनच सुरू होते.

पेशंटचं कार्ड चालतं, नर्सचं नाही

हे जरा नीट समजून घ्या, कारण कोर्स करणाऱ्या कितीतरी मुलींना हे शेवटच्या वर्षापर्यंत कोणी सांगत नाही.

नर्सिंगचा कोर्स पास झालात म्हणजे तुम्ही नर्स झालात, असं कायद्यात नाही. तुमचं नाव राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत लागलं पाहिजे. महाराष्ट्रात ही नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे, १९६६ च्या कायद्याप्रमाणे. मध्य प्रदेशची वेगळी कौन्सिल भोपाळला, छत्तीसगडची वेगळी रायपूरला. वर दिल्लीला इंडियन नर्सिंग कौन्सिल, १९४७ च्या कायद्याने आलेली. ती अभ्यासक्रम ठरवते, दर्जा ठरवते. तिने मान्य केलेली पदवी किंवा डिप्लोमा असेल तर कुठल्याही राज्याच्या नोंदवहीत नाव लावायला तो पात्र असतो. पात्र असतो, हा शब्द लक्षात ठेवा. नाव आपोआप लागत नाही, तुम्हाला अर्ज करावा लागतो.

आमच्या भाषेत सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, तू कोण आहेस हे सिद्ध करणं. दुसरी, तुला इथे काय करायची परवानगी आहे हे तपासणं. लॉगिन झालं म्हणून ॲडमिन पॅनल उघडत नाही. तुमचा जीएनएमचा डिप्लोमा म्हणजे लॉगिन. राज्याचं रजिस्ट्रेशन म्हणजे परवानगी. गोंदियात घेतलेली परवानगी रावणवाडीच्या पुढे बाघ नदीचा पूल ओलांडून रजेगावला पोचलात की तुमच्यासोबत येत नाही.

आता गंमत बघा. त्याच पुलावरून बालाघाटचा पेशंट इकडे येतो. त्याच्याकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते देशभर कुठल्याही जोडलेल्या हॉस्पिटलमध्ये चालतं. तुमचा पीएफचा यूएएन नंबर दोन्हीकडे एकच. ड्रायव्हिंग लायसन्स दोन्हीकडे चालतं. यूपीआय तर काय, पानठेल्यावरही चालतं. फक्त नर्सची नोंद तेवढी थांबते.

एका मुलीचा हिशेब

माझी एक मावसबहीण आहे. नाव सांगत नाही, तिला अजून नोकरी करायची आहे. जीएनएम केलं गोंदियात, महाराष्ट्राचं रजिस्ट्रेशन आहे. तिला एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून फोन आले. एक गोंदियातला दवाखाना, पगार १२,००० रुपये. दुसरं बालाघाटचं खासगी हॉस्पिटल, पगार १५,०००. घरचे सगळे म्हणाले, बाप्पा, तीन हजार जास्त! बालाघाट काय दूर आहे? तिने मला फोन केला. म्हणाली, "दादा, तू हिशेबाचा माणूस आहेस. सांग ना, जाऊ का नको? सगळे जा जा म्हणून राहिले."

मी म्हटलं, थांब, आधी गणित करू.

गोंदिया ते बालाघाट रस्त्याने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. ४२ धरा. जाऊन-येऊन ८४. महिन्याला २६ दिवस ड्युटी, म्हणजे २,१८४ किलोमीटर. स्कूटी ५० चं ॲव्हरेज देते असं समजा, साधारण ४४ लिटर पेट्रोल. १०५ रुपये लिटरने झाले साडेचार हजारांच्या वर. टायर, ऑईल, सर्व्हिसिंग वेगळं. जास्तीचे तीन हजार मिळवायला साडेचार हजार खर्च!

आणि वेळ? एका बाजूला सव्वा तास धरला तर दिवसाला अडीच तास. महिन्याला ६५ तास. आठ तासांच्या आठ ड्युट्या होतात या, फुकटच्या.

ती म्हणाली, "मग ट्रेनचा पास काढते ना!" बरोबर आहे. गोंदिया–बालाघाट पूर्वी छोटी लाईन होती, आता ब्रॉडगेज आहे, आणि लोकलचा मासिक पास पेट्रोलच्या मानाने फारच स्वस्त. पण अडचण वेळेची. बऱ्याच खासगी दवाखान्यांत शिफ्ट अशा असतात: सकाळी ८ ते दुपारी २, दुपारी २ ते रात्री ८, आणि रात्री ८ ते सकाळी ८. ट्रेनचं टाईमटेबल काही नर्सिंग सुपरिटेंडेंटला विचारून बनवलेलं नसतं. रात्री ८ ला सुटलात, तर गाडी आहे का? सकाळी ८ च्या आत पोचवणारी आहे का? ती रोज वेळेवर असते का? नोकरीला हो म्हणायच्या आधी आठवडाभर ॲपवर त्या गाडीचा खरा वेळ बघत राहा. छापलेला वेळ सोडा, ती रोज किती वाजता पोचते ते लिहून ठेवा.

कारण नर्सचा उशीर तिच्या एकटीचा नसतो. मी ऑफिसला वीस मिनिटं उशिरा गेलो तर मीटिंग माझ्याशिवाय सुरू होते. नर्स वीस मिनिटं उशिरा पोचली तर रात्रभर उभी असलेली दुसरी नर्स वॉर्ड सोडून जाऊ शकत नाही. कोणाचं सलाईन कधी संपणार, कोणाचं बीपी रात्री खाली गेलं होतं, कोणाला पुढचा डोस किती वाजता, हे हातात देऊनच ती निघते. आणि कदाचित तिलाही नदीच्या अलीकडे घरी यायचं असतं. पावसाळ्यात तर विचारू नका. बाघ आणि वैनगंगा दोन्ही नद्या आमच्या सीमेवरून वाहतात. शिवनीकडे संजय सरोवरचे दरवाजे उघडले, इकडे पुजारीटोल्याचं पाणी सोडलं, की रस्त्यांचे मेसेज ग्रुपवर फिरायला लागतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचा पूर बालाघाट, गोंदिया, भंडारा तिन्ही जिल्ह्यांनी पाहिला. अशा दिवशी पलीकडे अडकलात तर झोपणार कुठे, हा प्रश्न इंटरव्ह्यूतच विचारायचा असतो.

"कागदाचं नंतर बघू"

पैशाचं गणित सुटलं असतं. तिथे खोली घेतली असती, दोघी-तिघींनी मिळून. खरी गोष्ट पुढे आहे.

मी विचारलं, "तुझं रजिस्ट्रेशन महाराष्ट्राचं. ते काय म्हणतात त्यावर?" ती म्हणाली, "ते म्हणाले, जॉईन व्हा, कागदाचं नंतर बघू."

मंडळी, हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. हे फक्त सीमेपलीकडचे लोक बोलतात असं नाही. अलीकडेही बोलतात, पलीकडेही बोलतात. त्या वाक्याचा अर्थ काय होतो ते सांगतो.

एक. राज्याच्या नोंदवहीत नाव नसताना तुम्ही तिथे नर्स म्हणून काम करता, म्हणजे तुम्ही परवानगीशिवाय काम करता. रोजच्या दिवशी कोणी विचारत नाही. पण ज्या दिवशी पेशंटला इंजेक्शनची रिॲक्शन येते, नातेवाईक गोळा होतात, पोलीस येतात, त्या दिवशी पहिला प्रश्न असतो, ड्युटीवर कोण होतं आणि तिचं रजिस्ट्रेशन दाखवा. त्या दिवशी "नंतर बघू" म्हणणारा माणूस फोन उचलेल का, विचार करा.

दोन. तुमचा अनुभव. दोन वर्षं राबलात आणि उद्या सरकारी भरतीचा फॉर्म भरताना किंवा परदेशाची तयारी करताना अनुभवाचं सर्टिफिकेट लागलं, तर तारखा जुळल्या पाहिजेत. रजिस्ट्रेशन ज्या तारखेचं, त्याच्या आधीचा अनुभव कोण मोजणार?

तीन. पगार. ज्याचे कागद अपुरे, त्याला पगारवाढ मागता येत नाही. मालकाला हे पक्कं माहीत असतं. कागद अपुरे ठेवणं ही काही वेळा सोय असते, फक्त तुमची नाही.

मग बहिणीने काय केलं? तिने त्यांना साधं सांगितलं की आधी तुमच्या राज्यातल्या नोंदणीचा अर्ज करते, नाव लागलं की जॉईन होते, आणि तोवर मला ऑफर लेटर लिहून द्या. लिहून दिलं नाही त्यांनी. ती गोंदियातच १२,००० वर लागली. घरी पंधरा दिवस अबोला होता. मावशी मला म्हणाली, "तूच काहून भरवलं तिच्या डोक्यात?" पण माझी मावसबहीण ठाम होती. तिने तरीही पलीकडच्या नोंदणीची माहिती काढायला घेतली, कारण पुढचा फोन येईल तेव्हा कागद तयार पाहिजे. मला हा विचार आवडला. नोकरीच्या आधी कागद. नेहमी आपण उलटं करतो.

पगार किती असायला पाहिजे होता?

आता हे ऐका. १२,००० आणि १५,००० मध्ये आपण तुलना करत बसलो, पण मूळ आकडा काय असायला हवा, हे कोणी विचारलं का?

२०१६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या केसमध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली ती अशी. हॉस्पिटल २०० बेडपेक्षा मोठं असेल तर खासगी नर्सचा पगार राज्य सरकारच्या नर्सइतका. १०० ते २०० बेड असेल तर सरकारीपेक्षा फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० बेड असेल तर फार तर २५ टक्के कमी. आणि ५० पेक्षा लहान असलं तरी महिन्याला २०,००० पेक्षा कमी नाही.

शिफारस आहे ही. लागू करायचं काम राज्यांचं, कारण आरोग्य हा राज्याचा विषय. केरळने २०१८ ला खासगी नर्सेसचं किमान वेतन वाढवलं, पण त्यामागे तिथल्या नर्सेसनी केलेली मोठी आंदोलनं होती. आमच्या पट्ट्यात अजूनही मुली १२ आणि १५ ची तुलना करतात. म्हणून सांगतो, इंटरव्ह्यूला गेलात की विचारा, "सर, आपल्याकडे बेड किती?" मग मनातल्या मनात ही शिफारस लावून बघा. पगार लगेच वाढणार नाही, पण आपल्याला किती कमी मिळतंय हे तरी कळेल.

बाकी जगात काय चालतं?

तुम्ही म्हणाल, हा आमच्या गोंदियाचाच घोळ आहे. नाही.

कॅनडात विंडसर नावाचं शहर आहे, समोर नदी, नदीपलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉईट. दोन्हीला जोडणारा ॲम्बेसेडर पूल १९२९ चा, नदीखालचा बोगदा १९३० चा. विंडसरमधले हजाराहून जास्त आरोग्य कर्मचारी, त्यात खूप नर्सेस, रोज सकाळी पासपोर्ट दाखवून दुसऱ्या देशात ड्युटीला जातात आणि रात्री घरी येऊन झोपतात. त्यांच्यासाठी टीएन नावाचा कामाचा दर्जा आहे, तीन देशांच्या व्यापार करारातून आलेला. करारातल्या व्यवसायांच्या यादीत रजिस्टर्ड नर्स हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. २०१५ पासून कॅनडाने नर्सची परीक्षाही अमेरिकेचीच घेतली, एनक्लेक्स. तरीसुद्धा डेट्रॉईटमध्ये काम करायचं तर मिशिगन राज्याचं लायसन्स वेगळं काढावंच लागतं.

म्हणजे परीक्षा एक, लायसन्स दोन. पण नियम आधीच लिहिलेले. कुठला कागद, कुठल्या खिडकीत, हे सगळं ठरलेलं. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे ती सीमा बाकीच्यांसाठी बंद झाली, तेव्हाही या नर्सेस जात राहिल्या. कारण त्या गेल्या नसत्या तर डेट्रॉईटचे वॉर्ड चालले नसते.

आपल्याकडे काय झालं त्याच वर्षी? देशाच्या आतल्या सीमा बंद झाल्या. कासरगोड–मंगळुरूचा रस्ता अडवला, हरियाणाने दिल्लीची सीमा अडवली. रोज ये-जा करणारे डॉक्टर-नर्सही अडकले. शेवटी ११ मे २०२० ला केंद्रीय गृह सचिवांना सगळ्या राज्यांना पत्र लिहून सांगावं लागलं की डॉक्टर, नर्स, पॅरामेडिकल, सफाई कर्मचारी आणि ॲम्ब्युलन्स अडवू नका. दोन देशांनी जे पहिल्या दिवशी केलं, ते एका देशातल्या राज्यांना पत्र पाठवून सांगावं लागलं.

अमेरिकेत आणखी एक व्यवस्था आहे. तिथेही आपल्यासारखंच प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं. पण चाळीसहून जास्त राज्यांनी आपसात करार केला, एका राज्याचं लायसन्स बाकीच्या सदस्य राज्यांत चालेल. म्हणजे तोडगा निघू शकतो. अशक्य काहीच नाही त्यात.

आपल्या महाराष्ट्रातच दुसरी सीमा बघा. सिंधुदुर्गातले दोडामार्ग, सावंतवाडीचे पेशंट पिढ्यान् पिढ्या गोव्याच्या बांबोळीला जातात. जानेवारी २०१८ पासून गोव्याने बाहेरच्या पेशंटना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात आंदोलन झालं. तिथे भांडण पेशंटच्या कार्डाचं होतं, आमच्याकडे नर्सच्या. दोन्हीकडे रेष तीच.

बदल होतोय का?

होतोय, हळूहळू. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला. १९४७ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी हा. त्यात देशभराच्या एका राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. त्याआधीपासून इंडियन नर्सिंग कौन्सिलची एक ऑनलाईन यंत्रणा आहे, त्यात प्रत्येक नर्सला एक राष्ट्रीय युनिक नंबर मिळतो. ज्या दिवशी हा एक नंबर बाघ नदीच्या दोन्ही बाजूंना स्वीकारला जाईल, त्या दिवशी माझ्यासारख्याला पॉडकास्टला दुसरा विषय शोधावा लागेल. आनंदाने शोधेन.

पण कायदा झाला म्हणजे खिडकीवरचा क्लार्क बदलला असं होत नाही. आज तुम्हाला जॉईन व्हायचं असेल तर आजच्या कौन्सिलचे आजचे नियमच लागतील. आयुष्मान डिजिटल मिशनमध्ये हेल्थ प्रोफेशनलचा आयडी निघतो, तो जरूर काढा, पण तो म्हणजे लायसन्स नाही. पुन्हा तेच, लॉगिन वेगळं आणि परवानगी वेगळी.

एक इशारा कॉलेज निवडणाऱ्यांसाठी. फी कमी आहे म्हणून नदीपलीकडच्या कॉलेजात ॲडमिशन घेताना डोळे उघडे ठेवा. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचा मोठा घोटाळा गाजला. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने तीनशेहून जास्त कॉलेजं तपासली, कित्येकांत त्रुटी सापडल्या आणि या सगळ्यात विद्यार्थ्यांच्या परीक्षा रखडल्या. चूक कोणाची आणि वर्षं गेली कोणाची! कॉलेज कुठल्याही राज्यातलं असो, त्या वर्षासाठी त्याला मान्यता आहे का, हे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत स्वतः बघा. एजंटच्या व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफवर जाऊ नका.

आता ती यादी

स्क्रीनशॉट काढा.

पहिलं. ज्या राज्यात ड्युटी, त्या राज्याची नोंदणी. आपल्या कौन्सिलकडून ना-हरकत आणि पडताळणी, मग पलीकडच्या कौन्सिलकडे अर्ज. फी आणि कागद त्या-त्या कौन्सिलच्या अधिकृत वेबसाईटवरच बघा. मार्कशीट, डिप्लोमा, जुनं रजिस्ट्रेशन, आधार, सगळ्यावर नाव एकसारखं आहे का तपासा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर गॅझेटचा किंवा लग्नाच्या नोंदणीचा कागद आधी तयार ठेवा.

दुसरं. महाराष्ट्राचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. पलीकडे नोकरी करता म्हणून इकडचं संपू देऊ नका. उद्या परत यायचं असतं.

तिसरं. ऑफर लेटर लिखित. त्यात पद, पगार, शिफ्ट, जॉईन व्हायची तारीख. मूळ सर्टिफिकेट कोणाकडेही जमा करायचं नाही. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, परत घ्या.

चौथं. पीएफ आणि ईएसआय कापतात का विचारा. ईएसआय असेल तर एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. घरून ड्युटीला जाताना किंवा परत येताना झालेला अपघातही, नोकरीशी संबंध दिसत असेल तर, कामावरचा अपघात धरायची तरतूद त्या कायद्यात २०१० पासून आहे. आणि जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका रखवालदाराच्या केसमध्ये हेच तत्त्व कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यालाही लावलं. तो साखर कारखान्यावर ड्युटीला जाताना वाटेत गेला होता, आपल्या महाराष्ट्रातलाच. रोज ८४ किलोमीटर करणाऱ्या मुलीसाठी ही छोटी गोष्ट नाही. ड्युटी रोस्टरचा फोटो फोनमध्ये असू द्या.

पाचवं. हॉस्पिटलची गाडी ने-आण करत असेल तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ती गाडीही कामाची जागाच धरली जाते. गाडीत काही घडलं तर "ते बाहेर झालं" असं कोणी सांगू शकत नाही.

सहावं. पाऊस आणि रात्र. अडकलात तर राहायची सोय काय, हे आधी विचारा. विचारायला लाजू नका.

सातवं. पलीकडे जायच्या आधी देशपातळीच्या परीक्षाही बघा. एम्सची नॉर्सेट ही २०२० पासून देशभराची एकच परीक्षा आहे, आणि आपल्याला नागपूर आणि रायपूर दोन्ही एम्स जवळ आहेत. ज्यांना आणखी लांब जायचंय त्यांच्यासाठी, २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. पण तिथेही जर्मन भाषा शिकावी लागेल आणि तिथली मान्यता घ्यावी लागेल. आणि तिथला माणूस पहिल्यांदा काय मागेल? तुमच्या राज्याच्या कौन्सिलचं पडताळणीचं पत्र. बाघ ओलांडा नाहीतर ऱ्हाईन, सुरुवात त्याच नोंदवहीपासून होते.

तर मंडळी, एवढंच सांगायचं होतं. कोणी सीमेपलीकडे जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा, जरूर जा. आमच्याकडे लोक शेकडो वर्षं जात-येत आहेत आणि रात्री दोन वाजता वॉर्डमध्ये कोणी "सिस्टर!" अशी हाक मारली तर तो कुठल्या राज्याचा आहे हे कोणी बघत नाही. फक्त पूल ओलांडताना कागद पर्समध्ये असू द्या.

तुमच्यापैकी कोणी रोज असं राज्य ओलांडून ड्युटीला जात असेल, लांजी, डोंगरगड, राजनांदगाव, कुठेही, तर मला व्हॉइस मेसेज पाठवा. मराठीत, हिंदीत, पोवारीत, जमेल तसं बोला. हॉस्पिटलचं नाव घेऊ नका, अनुभव सांगा. चांगले चार-पाच जमले तर पुढचा भाग तुमच्याच आवाजात करू. आणि हा भाग तुमच्या ओळखीच्या एका नर्सला पाठवा. ती ड्युटीवर असेल, उशिरा ऐकेल, पण ऐकेल.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, हेल्मेट घाला. नमस्कार!